हातातून सोडताच मॉडेल विमान नाक वर करून डावीकडे पडतं? आधी मोटार बदलू नका

किटमधून बांधलेलं, रिमोटवर उडणारं पहिलं इलेक्ट्रिक विमान घेऊन मैदानावर येणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते. थ्रॉटल दिला (मोटारीचा वेग वाढवला), जोरात फेकलं, विमान थोडं पुढं गेलं, नाक वर उचललं आणि डावा पंख टाकून जमिनीत घुसलं. प्रॉप (मोटारीवरचा पंखा) तुटला, मोटार माउंट उखडलं. घरी नेऊन चिकटवलं, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग कुणीतरी सांगतं, "मोटार कमी पडतेय, मोठी टाक." मोठी मोटार येते आणि विमान आधीपेक्षा जोरात डावीकडे कलंडतं.

हा दोष मी अनेक वर्षं दुसऱ्यांच्या विमानांत दुरुस्त करत आलोय. मोटार खरोखर कमी पडल्यामुळे असं झाल्याचं क्वचितच दिसतं. कारण बहुधा वजनाच्या मांडणीत, मोटारीच्या कोनात किंवा उलट्या बसलेल्या एखाद्या भागात असतं. यातली बरीचशी तपासणी घरातल्या टेबलावर, एक पैसा न घालवता होते. म्हणून खालचा क्रम पाळा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बॅटरी सरकवली, मोटारीचा कोन बदलला आणि ट्रिमही (ट्रान्समीटरवरची बारीक दुरुस्ती) दिलं, तर विमान कशामुळे सुधारलं किंवा बिघडलं ते कधीच कळणार नाही.

आकडे देताना मी एक नेहमीचं विमान धरलं आहे: पंख वर असलेला ट्रेनर, पंखांचा पसारा सुमारे १२०० मिमी, पंखाची रुंदी २०० मिमी, सनबोर्ड (कागद लावलेला फोम) किंवा बाल्सा (हलकं लाकूड), २२१२ आकाराची १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) मोटार, १०४५ (१० इंची) प्रॉप, ३० अँपिअरचा ईएससी (मोटारीचा वेग नियंत्रक), ९ ग्रॅमचे चार सर्व्हो (पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटारी) आणि ३ सेलची २२०० एमएएच लायपो बॅटरी. उडताना एकूण वजन ८५० ग्रॅमच्या आसपास. तुमचं विमान वेगळं असेल तर आकडे बदलतील, तपासणीचा क्रम बदलणार नाही.

आधी लक्षणं नीट ओळखा

विमान "पडलं" एवढ्यावर काही कळत नाही. कसं पडलं, हे पाहावं लागतं. फेकणाऱ्याच्या मागे उभं राहून कुणालातरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि तो हळू गतीनं पाहा. साधारणपणे यांपैकी एक चित्र दिसतं.

नाक लगेच वर जातं, वेग संपतो, क्षणभर विमान लटकतं आणि मग एक पंख टाकतं. हा सरळसरळ स्टॉल (पंखाची उचल अचानक तुटणं). संशय आधी सीजीवर (विमान ज्या बिंदूवर तोललं जातं तो), मग मोटारीच्या खालच्या कोनावर.

नाक फारसं वर जात नाही, पण थ्रॉटल देताच विमान डावीकडे कलतं आणि थ्रॉटल कमी केला की सावरतं. ताकदीबरोबर येणारा आणि जाणारा दोष म्हणजे मोटारीचा टॉर्क (प्रॉप फिरताना विमानाला मिळणारा उलटा पीळ) आणि मोटारीचा आडवा कोन.

थ्रॉटल पूर्ण बंद असतानाही, नुसतं तरंगतानासुद्धा विमान एकाच बाजूला जातं. मग पंख पिळलेला आहे, एक बाजू जड आहे किंवा शेपूट तिरकी बसली आहे.

तुम्ही सावरायला स्टिक उजवीकडे नेता आणि विमान आणखी डावीकडे जातं. एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे पृष्ठभाग) उलटे आहेत.

मोटार जोरात गरगरते, आवाज मोठा येतो, पण विमान ओढ न घेता सरळ खाली बसतं. प्रॉप उलटा आहे किंवा बॅटरी थकली आहे.

आणि एक चित्र नेमकं उलटं: विमान उजवीकडे पडतं. त्याचं कारण अनेकदा एक छोटंसं अक्षर असतं, त्याबद्दल पुढं प्रॉपच्या भागात सांगतो.

टेबलावर बसण्यापूर्वी

प्रॉप काढा. "थ्रॉटल शून्यावरच आहे" हे कारण चालत नाही. १० इंची प्रॉप बोटाचं हाड तोडतो. ट्रान्समीटर आधी चालू करायचा, बॅटरी नंतर जोडायची. बंद करताना आधी बॅटरी काढायची, मग ट्रान्समीटर. खालची प्रत्येक तपासणी प्रॉप काढूनच करायची. जिथं तो लावावा लागतो तिथं तसं स्पष्ट लिहिलं आहे.

१. एलेरॉन, एलेव्हेटर आणि रडरची दिशा

ही तपासणी सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात जास्त वेळा वगळली जाणारी. विमानाच्या शेपटीमागे उभं राहा, नाक तुमच्यापासून दूर. स्टिक उजवीकडे नेली की उजव्या पंखावरचा एलेरॉन वर गेला पाहिजे आणि डाव्यावरचा खाली. एलेव्हेटरची (आडव्या शेपटीच्या हलणाऱ्या भागाची) स्टिक स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर. रडरची (उभ्या शेपटीच्या हलणाऱ्या भागाची) स्टिक उजवीकडे, तर रडरही उजवीकडे.

विमान समोरून पाहत तपासलं की डावं-उजवं हमखास गोंधळतं, म्हणून मागेच उभं राहायचं. पंख काढता येणारा असेल तर एलेरॉनच्या वायरी रिसीव्हरला जोडताना चूक होऊ शकते, त्यामुळे मैदानावर प्रत्येक वेळी पंख बसवल्यावर हे पुन्हा पाहायचं.

ट्रान्समीटरमध्ये कोणतं मॉडेल निवडलं आहे तेही बघा. जुन्या फ्लाइंग विंगची (शेपूट नसलेल्या विमानाची) मेमरी चालू राहिली, तर एलेव्हेटर आणि एलेरॉन यांचं मिक्सिंग तसंच राहतं आणि एलेव्हेटर ओढल्यावर एलेरॉनही हलतात. एलेव्हेटर देताच एलेरॉन हलताना दिसले, तर बाकी काही तपासू नका, आधी हे निस्तरा.

२. ट्रिम मध्यावर, पृष्ठभाग सरळ

सगळी ट्रिम शून्यावर आणा. आता सर्व्होचे हात पुशरॉडला (पृष्ठभागापर्यंत जाणाऱ्या तारेला) काटकोनात आहेत का आणि तिन्ही पृष्ठभाग सरळ रेषेत आहेत का ते पाहा. नसतील तर ट्रिमनं दुरुस्ती करू नका. सर्व्होचा हात स्क्रू काढून एक दाता फिरवून बसवा, उरलेला फरक तारेच्या टोकाच्या क्लेविसनं किंवा लिंकेज स्टॉपरनं काढा. घरीच अर्धं ट्रिम खर्ची पडलं, तर हवेत गरज पडल्यावर हातात काही उरत नाही.

हालचाल किती, हेही इथंच मोजा. पहिल्या उड्डाणासाठी एलेरॉन आणि एलेव्हेटर मागच्या कडेला १०-१२ मिमी वर-खाली जाणं पुरतं. किटमध्ये हॉर्नला (पृष्ठभागावरच्या, तार अडकवायच्या पट्टीला) तीन-चार भोकं असतात आणि नवखा माणूस हाताला येईल त्यात तार घालतो. हालचाल कमी करायची असेल तर पृष्ठभागावरच्या हॉर्नवर बाहेरच्या भोकात जा, आणि सर्व्होच्या हातावर आतल्या भोकात. एलेव्हेटर २५ मिमी हलत असेल, तर घाबरून ओढलेली स्टिक एकटीच विमानाला स्टॉलमध्ये नेते, सीजी बरोबर असला तरी. ट्रान्समीटरमध्ये एक्स्पो (मध्याजवळ स्टिकचा परिणाम कमी करणारी सोय) असेल तर सुमारे ३० टक्के द्या, आणि पडद्यावरचा आलेख मध्याजवळ सपाट झाला आहे याची खात्री करा. उलट चिन्ह पडलं तर मध्याजवळ विमान जास्तच चपळ होतं.

३. सीजी: इथं घाई नको

माझ्याकडे येणाऱ्या विमानांत सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. सीजी मागे गेलेला असतो.

उड्डाणाच्या वेळी असेल ते सगळं विमानात ठेवा: बॅटरी तिच्या जागी, प्रॉप, झाकण, चाकं. रिकाम्या विमानाचा सीजी पाहण्यात अर्थ नाही, कारण या विमानात बॅटरी एकटीच १८० ग्रॅमच्या आसपास असते. आता किटच्या नकाशावर दाखवलेली जागा पंखाच्या दोन्ही बाजूंना खालून मोजून चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा, म्हणजे बोटाला ती न बघता लागते. नकाशा हरवला असेल आणि पंख सरळ आयताकृती असेल, तर पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्के. २०० मिमी रुंदीच्या पंखाला ते ५० ते ६० मिमी येतं. पहिल्या उड्डाणाला ५० मिमीच्या बाजूनं राहा. निमुळत्या पंखाला मात्र हा हिशेब मुळाजवळच्या रुंदीवर करू नका, सरासरी रुंदीवर करावा लागतो. तिथं नकाशाच खरा.

दोन्ही बोटांवर विमान तोला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट खाली गेली, तर फेकायचं नाही.

का, ते समजून घेण्यासारखं आहे. सीजी पुढे असताना वाऱ्याच्या झोतानं नाक वर गेलं, तरी विमान स्वतःहून ते खाली आणतं. सीजी मागे सरकत गेला की ही सवय कमी होत जाते, आणि एका मर्यादेनंतर उलटते: नाक वर गेलं की आणखी वर जायला बघतं. फेकताना हाताचा झटका, मोटारीची ओढ आणि एलेव्हेटरचा जरासा स्पर्श, तिन्ही एकाच वेळी येतात. मागे सीजी असलेलं विमान त्या क्षणी सावरायला अर्धा सेकंदसुद्धा देत नाही. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं, पण उडतं. शेपूट जड असलेलं उडतच नाही.

सीजी मागे जातो कुठून? शेपटीत ओतलेल्या हॉट ग्लूमधून. रंगाच्या दोन थरांमधून. नकाशात नसलेल्या जाड बाल्साच्या एलेव्हेटरमधून. शेपूट सीजीपासून ६०० मिमी मागे आणि नाक २०० मिमी पुढे असेल, तर शेपटीवरचं जादा १० ग्रॅम वजन तोलायला नाकात ३० ग्रॅम लागतात. म्हणून बांधतानाच शेपूट हलकी ठेवणं हाच खरा इलाज.

नाकात शिसं टाकण्याआधी बॅटरी पुढे सरकवा. ८५० ग्रॅमच्या विमानात १८० ग्रॅमची बॅटरी ५० मिमी पुढे नेली की सीजी साधारण १० मिमी पुढे येतो. वजन न वाढवता मिळणारा हा फायदा आहे. गरज पडली तर फॉर्मरचं (विमानाच्या अंगातल्या आडव्या फळीचं) भोक मोठं करून बॅटरी फायरवॉलपर्यंत (मोटार बसते त्या पुढच्या फळीपर्यंत) न्या. आणि बॅटरी वेल्क्रोच्या पट्टीनं घट्ट बांधा. फेकण्याच्या झटक्यानं ती मागे घसरते आणि टेबलावर बरोबर असलेला सीजी हवेत मागे गेलेला असतो. विमानाचे अवशेष उचलताना बॅटरी कुठं सापडली, हे बघायची सवय लावा.

४. एक पंख जड आहे का

एकानं प्रॉपच्या मधोमध आणि दुसऱ्यानं शेपटीच्या टोकाला धरून विमान उचला. नेहमी एकच पंख खाली जात असेल, तर हलक्या पंखाच्या टोकाला एक रुपयाचं नाणं टेपनं चिकटवून पाहा. ते साधारण तीन-चार ग्रॅम भरतं आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. दहा-बारा ग्रॅम लागत असतील, तर एका पंखात गोंद किंवा दुरुस्तीचा थर फार झाला आहे.

५. प्रॉप

प्रॉपवर जिथं आकडे छापलेले असतात, ती बाजू विमानाच्या जाण्याच्या दिशेला हवी. मोटार मागे असलेल्या विमानातसुद्धा नियम हाच. उलटा बसवलेला प्रॉप ओढतो, पण अर्धवट. मोटार तापते, आवाज येतो, विमान मात्र खाली बसतं. नुसत्या डोळ्यांनी हे चटकन लक्षात येत नाही, आकडे वाचावेच लागतात.

आता ते अक्षर. आपल्याकडच्या दुकानांत १०४५ प्रॉप बहुधा ड्रोनसाठी जोडीनं मिळतात. एक साधा, दुसऱ्यावर आकड्यापुढे 'आर'. विमानाला साधा लागतो. तो शेपटीकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. 'आर' प्रॉप त्याच दिशेनं फिरवला तर हवा पुढे फेकतो. मग लोक मोटारीच्या तीनपैकी दोन वायरी अदलून मोटार उलटी फिरवतात, ओढ मिळते आणि सगळं ठीक वाटतं. पण आता टॉर्क उलट्या बाजूचा झाला, आणि फायरवॉलमध्ये दिलेला उजवा कोन त्याला रोखायच्या ऐवजी मदत करायला लागला. हे विमान थ्रॉटलला उजवीकडे कलंडतं. साधा प्रॉप लावा आणि त्या दोन वायरी पुन्हा पहिल्यासारख्या करा.

६. मोटारीचा कोन

प्रॉप एका दिशेनं फिरतो, तेव्हा विमान उलट्या दिशेनं फिरायला बघतं. आपला प्रॉप मागून पाहता घड्याळाच्या दिशेचा, म्हणून विमान डावीकडे. शिवाय प्रॉपनं मागे फेकलेली हवा पिळून येते आणि उभ्या शेपटीवर डावीकडून आदळते, त्यानंही नाक डावीकडे वळतं. नाक वर असेल तर प्रॉपचं खाली जाणारं पातं जास्त हवा कापतं, तेही डावीकडेच ढकलतं. विमान वेगात असताना हे सगळं किरकोळ असतं. हातातून सुटताना वेग सगळ्यात कमी आणि थ्रॉटल सगळ्यात जास्त, म्हणून दोष नेमका तिथं उघडा पडतो. मोठी मोटार टाकल्यावर दोष का वाढतो, तेही यातच आलं.

किट बनवणाऱ्यानं यावर उपाय आधीच केलेला असतो. फायरवॉल दोन-तीन अंश उजवीकडे आणि तितकीच खाली झुकलेली असते. खालचा कोन अशासाठी की पंख वर आणि मोटार खाली असलेल्या विमानात ओढ पंखाच्या खालून लागते, आणि थ्रॉटल वाढताच नाक वर उचललं जातं.

नवखा बांधणारा फायरवॉल तिरकी दिसली की ती आपली चूक समजतो आणि पॉलिश पेपरनं घासून किंवा मागे पट्टी घालून काटकोनात आणतो. किटमधली तिरकी फायरवॉल सरळ करू नका. नकाशा बाजूनं आणि वरून, दोन्हीकडून पाहा. मोटारीची रेषा तिरकी दाखवली असेल, तर ती तशीच हवी.

कोन गेलेला असेल तर माउंट आणि फायरवॉल यांच्यामध्ये वॉशर घाला. मागून पाहता डावीकडच्या स्क्रूखाली वॉशर घातले की मोटार उजवीकडे बघते. वरच्या स्क्रूखाली घातले की खाली बघते. भोकांमधलं अंतर ३० मिमी असेल तर १ मिमी उंचीनं सुमारे २ अंश मिळतात, म्हणजे एम ३ चे साधे दोन वॉशर. एका वेळी एवढंच बदला.

कोन बरोबर दिसला तरी मोटार हातानं धरून चारी बाजूंना हलवून पाहा. माउंट हॉट ग्लूनं चिकटवलं असेल आणि विमान मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा मैदानावर उन्हात पडून राहिलं असेल, तर ग्लू मऊ पडतो. थ्रॉटल दिला की मोटार वर बघायला लागते, आणि सावलीत आणल्यावर पुन्हा घट्ट होते. घरी तपासताना काहीच सापडत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उडवणाऱ्यांना मी हे आवर्जून विचारतो. फायरवॉल प्लायवूडचीच हवी आणि ती इपॉक्सीनं बसवा.

७. पिळलेला पंख, तिरकी शेपूट

विमानाच्या दोन-तीन मीटर मागे बसा, एक डोळा मिटा आणि दोन्ही पंखांची मागची कड बघा. दोन्हीकडे पंखाचा खालचा भाग सारखा दिसला पाहिजे. डाव्या पंखाच्या टोकाची मागची कड वर उचललेली असेल, तर त्या पंखाला उचल कमी मिळते आणि विमान कायम डावीकडे जातं, थ्रॉटल असो वा नसो. मागची कड खाली झुकलेली असेल, तर गोष्ट फसवी होते: वेगात तो पंख वर जातो, पण वेग कमी झाला की तोच आधी स्टॉल होतो. फेकताना एका बाजूला पडणारं आणि वेगात दुसऱ्या बाजूला जाणारं विमान दिसलं, की पीळ शोधा.

नंतर दोरा घ्या. शेपटीच्या मधल्या टोकापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंतची अंतरं मोजा. ती सारखी हवीत. आडवी शेपूट पंखाला समांतर आहे का तेही मागूनच दिसतं.

बाल्सा आणि फिल्मचा पंख असेल तर दुसऱ्याच्या मदतीनं तो उलट बाजूला किंचित जास्त पिळून धरा, हीट गनची ऊब फिल्मवर फिरवा आणि थंड होईपर्यंत सोडू नका. सनबोर्डचा पंख पिळतो तो बहुधा पावसाळ्यात. कागद ओल धरतो, विमान भिंतीला टेकून उभं राहतं आणि महिन्याभरात पीळ बसतो. कोकणात तर पंख सपाट ठेवून वर हलकं वजन ठेवल्याशिवाय पावसाळा काढू नये. सनबोर्डचा पीळ हातानं पूर्ण जात नाही. मागच्या कडेजवळ खालून कार्बनची काडी किंवा बांबूची कामटी चिकटवून तो धरून ठेवावा लागतो. सनबोर्डच्या आतल्या फोमवर किंवा थर्माकोलवर साधं फेव्हिक्विक टाकू नका, फोम विरघळतो.

८. ओढ मोजा

आता, आणि आत्ताच, मोटारीवर संशय घ्यायचा. ही तपासणी प्रॉप लावून करायची आहे: मोकळ्या जागेत, कुणीही प्रॉपच्या समोर किंवा रेषेत न राहता, एकानं विमान धरून. शेपटीला दोरी बांधून सामान तोलायचा स्प्रिंग काटा लावा, काटा खुंटीला अडकवा आणि थ्रॉटल सावकाश पूर्ण द्या. या मोटारीला आणि प्रॉपला ८०० ग्रॅमच्या आसपास ओढ मिळायला हवी. ट्रेनर हातातून फेकायला वजनाच्या साधारण ६०-७० टक्के ओढ पुरते, म्हणजे इथं ५१०-६०० ग्रॅम.

त्याहून कमी येत असेल, तर आधी बॅटरीचं व्होल्टेज भार असताना पाहा. पूर्ण चार्ज ३ सेल बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. पूर्ण थ्रॉटलला ती लगेच १०.५ च्या खाली जात असेल, तर बॅटरी थकली आहे, मोटार नाही. ती ठीक असेल तर प्रॉप काढून ईएससीचं कॅलिब्रेशन करा: ट्रान्समीटरवर थ्रॉटल पूर्ण, मग बॅटरी जोडायची, बीप आल्यावर थ्रॉटल शून्यावर. ट्रान्समीटर बदलल्यानंतर हे राहून गेलं, तर पूर्ण स्टिकलाही मोटार पूर्ण फिरत नाही. प्रॉप अडॅप्टरचं नट ढिलं पडून प्रॉप घसरतोय का, हेही बघा.

पाचगणीसारख्या १३०० मीटर उंचीच्या जागी हवा समुद्रसपाटीपेक्षा १०-१२ टक्के विरळ असते. तिथं ओढही कमी मिळते आणि विमानाला वेगही जास्त लागतो. मुंबईत जेमतेम उडणारं विमान तिथं पडलं, तर नवल नाही.

९. फेकण्याची पद्धत

सगळं बरोबर असूनही विमान पडत असेल, तर फेकणाऱ्याकडे पाहा. वाऱ्याच्या समोर, पंख सपाट, नाक क्षितिजाकडे. आभाळाकडे फेकलेलं विमान हातातच स्टॉलच्या जवळ पोचलेलं असतं. थ्रॉटल तीन-चतुर्थांश. पूर्ण दिला तर टॉर्क उगाच वाढतो. हाताला हिसका न देता दोन-चार पावलं धावत ढकलल्यासारखं सोडा, आणि ट्रान्समीटर दुसऱ्याच्या हातात असू द्या.

डावा पंख खाली जायला लागला की बोट आपोआप उजवा एलेरॉन देतं. वेग कमी असताना त्यानं नुकसान होतं. डाव्या पंखावरचा एलेरॉन खाली जातो, आधीच थकलेल्या त्या पंखाचा कोन आणखी वाढतो आणि तो पूर्ण स्टॉल होतो. त्या क्षणी आधी एलेव्हेटर जरा सोडा, नाक खाली येऊ द्या, पंख रडरनं सावरा. वेग आला की एलेरॉन.

पहिली चाचणी थ्रॉटलशिवाय, गुडघाभर गवतावर, खांद्याच्या उंचीवरून सरळ ढकलून करा. विमान सरळ आणि संथ उतरलं, तर सीजी आणि पंख बरोबर आहेत, उरलेला दोष मोटारीच्या कोनात. तरंगतानाच एका बाजूला गेलं, तर परत सातव्या तपासणीकडे. जागा निवडताना ड्रोन नियम, २०२१ नुसार ती हिरव्या क्षेत्रात आहे ना ते सरकारच्या ड्रोन हवाई क्षेत्राच्या नकाशावर पाहा. विमानतळाजवळची मैदानं यात हमखास अडकतात. वारा सकाळी नऊच्या आधी मंद असतो.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

बॅटरी फुगली असेल, पडल्यावर तिला खाच पडली असेल किंवा एखादा सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल, तर ती पुन्हा चार्ज करू नका. टोचून हवा काढायचा प्रयत्न अजिबात नको, पेट घेते. घराबाहेर, वाळूच्या बादलीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

सर्व्हो स्टिक न हलवता थरथरत असतील, किंवा थ्रॉटल वाढवताच रिसीव्हरचा दिवा लुकलुकत असेल, तर विमान उडवू नका. ईएससीमधून सर्व्होंना मिळणारं ५ व्होल्ट कोसळत असतं, आणि हवेत तसं झालं तर विमान तुमच्या हातात राहत नाही. जळकट वास आलेला ईएससी उघडून दुरुस्त करत बसू नका, बदला. बॅटरीच्या वायरी किंवा एक्सटी ६० कनेक्टरचं सोल्डरिंग आयुष्यात पहिल्यांदाच करत असाल, तर ते बॅटरीवर शिकू नका. दुकानातला माणूस थोडक्या पैशांत करून देतो.

मुख्य स्पार (पंखातला आडवा दांडा) तडकलेला असेल तर पंखावर टेप मारून उडवू नये. वळण घेताना पंखावर येणारा भार सरळ उड्डाणापेक्षा जास्त असतो आणि तो तिथंच मोडतो. खाली माणसं असतील तर पुढचं सांगायला नको.

वरची नऊही तपासणं झाली आणि दोन फेकींत विमान तसंच पडलं, तर तिसऱ्यांदा फेकू नका. प्रत्येक आपटीत फायरवॉल, पंख आणि शेपूट थोडी थोडी हलते, आणि मूळ दोषावर नवे दोष चढतात. जवळच्या एरोमॉडेलिंग क्लबमधला अनुभवी उडवणारा, किंवा एनसीसीच्या एअर विंगमधला एरोमॉडेलिंग शिकवणारा माणूस, असं विमान हातात घेतल्यावर बराच दोष पाहूनच सांगतो. त्याच्याकडे जाताना विमान चिकटवून, रंगवून नेऊ नका. जसं पडलं तसंच न्या. सोबत किटचा नकाशा, पूर्ण वजनाचा आकडा, सीजी पुढच्या कडेपासून किती मिमीवर आहे तो आकडा, मोजलेली ओढ आणि मागून काढलेला व्हिडिओ. कोणता प्रॉप लावला होता, त्याचे तुकडेही टाकून देऊ नका. त्यावर 'आर' आहे का, ते त्याला पाहायचं असेल.